किलिमांजारोला जाताय? दिवस वाढवून घ्या
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात मी टांझानियातल्या किलिमांजारोच्या चढाईविषयी लिहिलं होतं. आफ्रिकेतला हा सगळ्यात उंच डोंगर, ५,८९५ मीटर. दोर, कुऱ्हाडी काही लागत नाही, पायी चालतच माथ्यावर जाता येतं. त्यावर श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. मी चिपळूणला दवाखाना चालवते, सह्याद्रीत भटकते आणि किलिमांजारोच्या माथ्यावर जाऊन आले आहे. बहुतेक पत्रांत बूट, कोट आणि खर्च यांचीच चौकशी आहे. दिवस किती ठेवावेत हे मात्र फार थोड्यांनी विचारलंय. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच्यावरच, म्हणून ते पत्र आधी घेते.

पावसजवळ माझी हापूसची बाग आहे. वय ४७, बागेत रोज चढउतार असते, प्रकृती ठणठणीत. सहल कंपनीने दोन पर्याय दिलेत. मारंगू वाटेने पाच दिवस, त्यात झोपायला लाकडी खोल्या. माचामे वाटेने सात दिवस, त्यात तंबू. सातला पैसे बरेच जास्त पडतात. मला पाच दिवसांचा बरा वाटतो. तुमचं मत काय? आणि बाग सांभाळून जायचं कधी?

सातच दिवसांचा घ्या. जमत असेल तर आठ दिवसांची लेमोशो वाट घ्या, ती आणखी चांगली.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. मारंगूच्या पाच दिवसांत पहिली रात्र २,७२० मीटरवर, दुसरी ३,७२० वर. तिसऱ्या दिवशी ४,७२० वर पोचायचं, संध्याकाळी चार घास खाऊन आडवं व्हायचं आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचं. म्हणजे दर दिवसाला हजार मीटर. उंचीवरच्या आजारांचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. मारंगूचं हे वेळापत्रक त्याच्या दुप्पट वेगाने धावतं.

हे का महत्त्वाचं ते सांगते. हवेत ऑक्सिजनचा वाटा पावसच्या किनाऱ्यावर २१ टक्के आणि शिखरावरही २१ टक्केच. घटतो तो हवेचा दाब. माथ्यावर तो किनाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे एका श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजनही निम्माच. शरीर यावर उपाय करतं. आधी श्वास वाढतो. श्वास वाढला की रक्ताचं रसायन बिघडतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मग मूत्रपिंडं हळूहळू ते रसायन जागेवर आणतात, तेव्हा कुठे मोकळेपणाने जास्त श्वास घेता येतो. या कामाला काही दिवस लागतात. बागेत तुम्ही कितीही राबलेले असा, मूत्रपिंडांना त्याने घाई करता येत नाही.

माचामे वाटही नियमात तंतोतंत बसते असं नाही. पहिला मुक्काम २,८०० च्या वर आणि दुसरा थेट ३,८०० च्या आसपास, ही उडी मोठीच आहे. पण तिसऱ्या दिवशी ही वाट तुम्हाला लाव्हा टॉवर नावाच्या कातळापर्यंत, ४,६०० मीटरवर नेते आणि त्याच दिवशी बारांको तळावर, ३,९५० च्या आसपास, झोपायला खाली आणते. त्या कातळापाशी डोकं ठणकतं, जेवण जात नाही. बारांकोला उतरलं की तासाभरात माणूस बोलायला लागतो. शरीराला वरची हवा दाखवून परत खाली आणायचं, हीच यातली खरी तयारी. चौथी रात्र करंगा तळावर, जवळजवळ त्याच उंचीवर. पाचव्या दिवशी बाराफू, ४,६७० च्या आसपास, आणि त्या मध्यरात्री शिखर. सहा दिवसांच्या माचामेत करंगाची रात्र कापतात. ती कापू देऊ नका.

राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसागणिक असतं, म्हणून दिवस वाढला की खर्च वाढतो. तो टाळता येत नाही. पैसे वाचवायचेत तर सामानात वाचवा. पिसांचा कोट, झोपायची पिशवी, काठ्या, सगळं डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावात भाड्याने मिळतं. एकदाच्या चढाईसाठी ते मुंबईहून नवंकोरं घेणं मला पटत नाही.

कधी जायचं? तिथे कोरडा हंगाम दोनदा असतो: जानेवारी ते मार्चचा सुरुवातीचा भाग, आणि जूनअखेर ते ऑक्टोबर. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. जानेवारी-फेब्रुवारीत तुमचा मोहोर आणि फवारण्या, तेव्हा बाग सोडवणार नाही. जुलैत लावणी. गणपती तर तुम्ही सोडणार नाहीच, सोडूही नये. म्हणून गणपती गावी पोचवले की निघा आणि भातकापणीच्या आत परत या. तुम्हाला तोच काळ मोकळा आहे आणि डोंगरालाही तो मानवतो.

बागायतदार म्हणून एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते. डोंगराच्या पायथ्याशी चग्गा लोकांच्या वाड्या आहेत. वर झाडांची सावली, तिच्याखाली केळी, केळींखाली कॉफी, आणि डोंगरातून काढून आणलेले पाण्याचे पाट. चढाईच्या आधी किंवा नंतर एक दिवस त्यांच्यासाठी ठेवा. आगर शिंपणाऱ्या माणसाला ते बघून फार आनंद होईल.

मी हर्णैचा, वय २४, बोटीवर खलाशी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा जायचा विचार आहे. जाळी ओढून अंग तयार आहे. आमच्यातला एकजण सांगतो, डायमॉक्स नावाची गोळी घ्यावी लागते. मला ती कमीपणाची वाटते. डॉक्टरताई, खरंच गरज आहे का?

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. बंदीच्या काळात जायचं तू बरोबर ठरवलंस. जूनच्या शेवटच्या आठवड्यानंतर निघ.

ताकदीचं मात्र समजून घे. अंगात बळ असलेल्याला उंचीचा त्रास कमी होतो, असं कुठेही दिसत नाही. उलट तरुण आणि दणकट माणूस धोक्यात जास्त येतो, कारण त्याला भरभर चालता येतं. आमच्या गटात लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारा एक मुलगा होता. पहिले दोन दिवस रोज तो सगळ्यांच्या आधी तळावर. शिखराच्या रात्री ५,००० च्या थोडं वर त्याला उलट्या सुरू झाल्या आणि वाटाड्याने त्याला खाली नेलं. तिथले वाटाडे दिवसभर ‘पोले पोले’ म्हणत राहतात, हळूहळू. ते पुढे चालत असताना त्यांना कधीच ओलांडायचं नाही. चालताना शेजारच्याशी सलग बोलता आलं पाहिजे, हाच तुझा वेग.

गोळीत कमीपणा कसला? मूत्रपिंडांचं जे काम वर सांगितलं, ते ही गोळी लवकर सुरू करून देते. अ‍ॅसिटाझोलामाइड तिचं नाव, डायमॉक्स हा ब्रँड. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडावॉटरची चव विचित्र लागते. हे सगळं अपेक्षित आहे. सल्फाच्या औषधाची पूर्वी कधी अ‍ॅलर्जी झाली असेल तर आधी डॉक्टरला सांग. घरीच दोन दिवस घेऊन बघ, म्हणजे मुंग्या आल्यावर डोंगरात घाबरायला होणार नाही. पण गोळी घेतली म्हणून दिवस कमी करू नकोस. आणि दारू, झोपेच्या गोळ्या तिकडे बिलकुल नकोत. रात्री श्वास मंदावतो आणि सकाळी माणूस उठता उठत नाही.

थंडीचं तू विचारलं नाहीस, पण तुझी खरी परीक्षा तीच. शिखराच्या रात्री उणे १० ते उणे २० अंश तापमान असू शकतं, वर वारा. हर्णैला अंगावर शहारा येतो तेव्हाही पारा शून्याच्या खूप वर असतो. अंगाला लागून सुती बनियन घालू नकोस, घामाने भिजलं की ते वाळत नाही. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं घाल. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेव. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. नळीने पाणी प्यायच्या पिशव्या त्या रात्री कामाच्या नाहीत, नळीच गोठते.

मी देवरुखची शिक्षिका, वय ३९. सराव कुठे करू? इथे डोंगर फार उंच नाहीत.

मारंगू वाट जिथून सुरू होते ते फाटकच आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा, १,६४६ मीटरपेक्षा, उंचावर आहे. त्यामुळे उंचीचा सराव महाराष्ट्रात होणार नाही. तो नाद सोडा. पायांचा सराव मात्र तुमच्या दारात आहे. आठवड्यातून दोनदा मार्लेश्वरच्या पायऱ्या, पाठीवर सहा-सात किलो घेऊन. महिन्यातून एकदा शृंगारपूरहून प्रचितगड, ओळखीच्या वाटाड्याबरोबर आणि पावसाळा सोडून. निघायच्या महिनाभर आधी खेड तालुक्यातली रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही ओळ सलग मुक्कामी करा. सलग चालणं महत्त्वाचं. पहिल्या दिवशी कोणीही चालतं. पाय दुखत असताना, नीट झोप झालेली नसताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळी बूट चढवता येतात का, ते बघायचं.

आणि उतरण्याचा सराव करा. हे कोणीच करत नाही. शिखरावरून म्वेका तळापर्यंत, ५,८९५ वरून ३,१०० च्या आसपास, एकाच दिवसात उतरायचं असतं. म्हणजे २,८०० मीटर खाली, तेही रात्रभर चढून झाल्यावर. सुरुवातीला घसरडी भुसभुशीत राख, मग दगडगोटे, मग झाडांच्या मुळांचा चिखल. गुडघे इथे बोलतात. मांडीचे स्नायू तयार करायला पायऱ्या सावकाश उतरणं यासारखा व्यायाम नाही. दोन काठ्या घ्या, आणि नखं आदल्या दिवशी कापा. लांब नखं बुटाच्या टोकावर आपटून काळीनिळी होतात.

बाई म्हणून एक आग्रहाची विनंती: निघायच्या तीन महिने आधी हिमोग्लोबिन तपासा. माझ्याकडे येणाऱ्या, दिवसभर कामात असलेल्या कित्येक बायकांचं ते कमी निघतं आणि त्यांना पत्ताच नसतो, कारण दम लागणं त्यांनी अंगवळणी पाडून घेतलेलं असतं. ऑक्सिजन रक्तातूनच जातो. ते कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना काम करायला तेवढे महिने लागतात. पाळी पुढे ढकलायची गरज नाही. सोय सोबत ठेवा, आणि वापरलेलं सगळं पिशवीत भरून खाली आणा.

माझा मुलगा पुण्याहून मित्रांबरोबर जातो आहे. आम्ही मालवणात. त्याला काय बजावून सांगू? डोकं दुखलं तर घाबरायचं का?

नुसतं डोकं दुखलं तर घाबरायचं नाही, लपवायचंही नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर, खाण्यावरची वासना जाणं, गळून जाणं यातलं काही असेल तर तो उंचीचा सौम्य त्रास. तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं, पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. त्रास जाईपर्यंत वर एक पाऊल नाही. वाढला तर खाली.

दोन गोष्टी मात्र त्याच्याकडून पाठ करून घ्या. एक, तोल. माणूस झोकांड्या देत चालायला लागला, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येईना, असंबद्ध बोलू लागला, तर मेंदूला सूज येत आहे. दुसरी, श्वास. स्वस्थ बसलेलं असतानाही दम लागतो, खोकला सुटतो, त्यात फेस किंवा गुलाबी थुंकी येते, तर फुफ्फुसात पाणी होत आहे. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, लगेच खाली उतरवायचं आणि ऑक्सिजन असेल तर द्यायचा. औषधं मदत करतात, पण खरा उपाय खाली उतरणं हाच. यात माणसं दगावतात, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

ज्याला हे होतं त्याला स्वतःला कळत नाही. तो ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतो. म्हणून मुलाला सांगा की दर संध्याकाळी मित्रांनी एकमेकांना चालवून बघायचं, आणि वाटाडा परत फिर म्हणाला तर त्याच्याशी वाद नको. ऑक्सिमीटर नेणार असतील तर नेऊ दे, पण बाराफूला आकडा ऐंशीच्या घरात दिसला तर घाबरू नका. त्या उंचीवर तो तसाच असतो. माणूस कसा चालतो, कसा बोलतो, ते आकड्याहून जास्त सांगतं. विमा ६,००० मीटरपर्यंतच्या बचावकार्याला लागू आहे का, हे कागदावर वाचून घ्या.

फोन आला नाही तर काळजी करू नका. वर प्रत्येक तळावर नेटवर्क मिळेलच असं नाही.

अलिबागला राहतो, वय ६३. रक्तदाब आणि साखर, दोन्हींच्या गोळ्या चालू. जाऊ शकतो का?

दोन्ही आटोक्यात असतील तर वय आड येत नाही. आधी हृदयाची ताणचाचणी करून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. उंचीवर रक्तदाब काही दिवस वाढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डायमॉक्सच्या आधी त्यांच्याशी बोलणं आवश्यक. इन्सुलिन घेत असाल तर ते अंगाशी बाळगायचं, गोठलं की फुकट. साखर मोजायचं यंत्र थंडीत चुकतं, तेही खिशात. आणि तुम्ही तर आठच दिवसांची वाट घ्या.

सावंतवाडीहून विचारते, आम्ही शाकाहारी. खायला काय मिळतं?

आधी सांगितलंत तर सगळं मिळतं. सकाळी पातळ लापशी आणि फळं, दुपारी-रात्री सूप, भात, बटाटे, भाज्या, केळी. अडचण वेगळीच येते. चार हजारांच्या वर भूकच मरते. त्यासाठी घरचं चवीचं काहीतरी न्या. माझ्या पिशवीत मेतकूट आणि कोकमाच्या आगळाची छोटी बाटली होती. कोमट पाण्यात आगळ, साखर, मीठ घालून घेतलं की दोन घास जायचे. दिवसाला तीन लिटर पाणी प्या. वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना उद्यानात बंदी आहे, पक्की बाटली न्या.

गुहागरचा विद्यार्थी, अकरावी. विषुववृत्तापाशी बर्फ कसा? तो संपत चाललाय हे खरं का?

किलिमांजारो विषुववृत्ताच्या दक्षिणेला फक्त तीन अंशांवर आहे, तरी वर चढत गेलं की दर किलोमीटरला साधारण सहा अंशांनी तापमान उतरतं. सहा किलोमीटरच्या आसपास गेल्यावर गणित तूच कर. तिथे चढताना जंगल, मग झुडपं, मग ओसाड माळ, मग दगड आणि बर्फ, असे पट्टे एकामागून एक लागतात. बारांकोला माणसाहून उंच सेनेसिओची झाडं आहेत. वाळलेली पानं ती खोडाला तशीच लपेटून ठेवतात आणि थंडीपासून खोड वाचवतात.

आणि हो, बर्फ संपत चाललाय. १९१२ साली मोजला होता त्यातला ८० टक्क्यांहून जास्त गेला. हवा तापते आहे, आणि तिथे बर्फही पूर्वीपेक्षा कमी पडतो आहे, कोरडेपणा वाढला आहे. माथ्याच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटपासून शिखराकडे जाताना डावीकडे उरलेल्या हिमनदीची उभी भिंत दिसते. तुला जायला मिळालं तर लवकर मिळावं, असं मनापासून वाटतं.

लांज्याहून लिहितो. माझं ओझं दुसऱ्याने वाहावं हे मनाला पटत नाही. मी स्वतःच सगळं उचललं तर?

तुमच्या मनात हे आलं याचा मला आनंद झाला. पण तिथे वाटाड्याशिवाय चढायला परवानगी नाही, आणि तंबू, अन्न, शेगड्या हमालच नेतात. त्या भागातल्या कित्येक घरांची चूल याच कामावर पेटते. १८८९ मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा शिखरावर पोचले, त्यांच्या मोहिमेची ओझीही तिथल्याच माणसांनी वाहिली होती. ओझं द्या, फक्त त्या माणसाला त्याचा नीट मोबदला आणि नीट कपडे मिळतायत ना, हे बघा.

एका हमालाच्या ओझ्याची मर्यादा २० किलो आहे, फाटकावर वजन होतं. तुमची पिशवी कमी भरा. ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था हमालांना योग्य वागणूक देणाऱ्या कंपन्यांशी जोडलेली आहे. तुमची कंपनी तिच्या यादीत आहे का ते विचारा. नसेल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा: हमालांना रोज किती वेतन, दिवसातून किती वेळा जेवण, झोपायला कोणता तंबू. बक्षिसीचे पैसे वेगळे काढून ठेवा, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर, प्रत्येकाचा वाटा मोठ्याने सांगून द्या.